जपानी लष्करी पिस्तुले: ‘आत्मघाती’ म्हणून बदनाम झालेल्या शस्त्रांत खरा दोष काय होता?

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर लढून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या तोंडी एक गोष्ट हमखास असायची. शरण आलेला जपानी अधिकारी कमरेचे पिस्तूल काढतो, आडवे धरून समोरच्याच्या हाती देऊ लागतो. त्याचे बोट चापावर नसते. तरीही धाड्कन गोळी सुटते आणि पिस्तूल घ्यायला पुढे झालेला सैनिक कोसळतो. कारण म्हणे त्या पिस्तुलाला बाजूने नुसते दाबले तरी ते उडते!

गोष्टीतले पिस्तूल म्हणजे ‘टाइप ९४’. जगातले सर्वांत वाईट लष्करी पिस्तूल कोणते, अशी यादी कुठेही निघाली की त्यात याचे नाव असतेच. त्याच्या जोडीला ‘नांबू’ हे नाव येते, आणि मग एकूणच जपानी पिस्तुले म्हणजे भंगार, असा निकाल लागतो.

त्या गोष्टीतला एक भाग खरा आहे. पिस्तुलाला बाजूने दाबल्यावर गोळी सुटू शकते. बाकीचा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो, कारण सैनिकाच्या दृष्टीने शस्त्राबद्दलचे प्रश्न दोनच असतात. हवे तेव्हा ते उडेल का, आणि नको तेव्हा ते गप्प राहील का? पहिला प्रश्न भरवशाचा, दुसरा सुरक्षिततेचा. जपानी पिस्तुलांचा हिशेब या दोन खात्यांत वेगवेगळा मांडला की चित्र बरेच बदलते.

नावातले आकडे कुठून आले?

टाइप २६, टाइप १४, टाइप ९४ हे आकडे चढत्या क्रमाने लागत नाहीत, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. हे आकडे वर्षांचे आहेत, पण वर्षे वेगवेगळ्या कालगणनेतली आहेत. ‘टाइप २६’ म्हणजे सम्राट मेइजीच्या राजवटीचे २६वे वर्ष, १८९३. ‘टाइप १४’ म्हणजे सम्राट तैशोच्या राजवटीचे १४वे वर्ष, १९२५. पुढे जपानने शस्त्रांना नाव देताना आपल्या पौराणिक पहिल्या सम्राटापासून मोजलेले शक वापरायला सुरुवात केली. त्या शकाचे २५९४वे वर्ष म्हणजे आपले १९३४, म्हणून ‘टाइप ९४’.

पिस्तुलावर कोरलेली तारीख मात्र राजवटीचीच असते. टाइप १४ किंवा टाइप ९४वर ‘१९.८’ असे दिसले, तर ते शोवा राजवटीचे १९वे वर्ष आणि आठवा महिना, म्हणजे ऑगस्ट १९४४. शोवा वर्षात १९२५ मिळवायचे, की इसवी सन मिळतो. ही छोटी बेरीज लक्षात ठेवा. एखादे जपानी पिस्तूल किती भरवशाचे असेल, याचा सगळ्यात चांगला अंदाज त्याच्या तारखेवरूनच येतो.

नांबू किजिरो

या कथेच्या केंद्रस्थानी एक माणूस आहे. नांबू किजिरो यांचा जन्म १८६९चा, सागा प्रांतातला. तोफखान्यातले अधिकारी, पुढे लेफ्टनंट जनरल, आणि जपानच्या शस्त्रनिर्मितीतले सर्वांत मोठे नाव. अमेरिकेत जॉन ब्राउनिंगला जो मान, तो जपानमध्ये नांबूंना. टाइप ३८ रायफल घडवण्यात त्यांचा वाटा मोठा होता, आणि जपानी पायदळाच्या मशीनगनवरही त्यांचीच छाप होती. निवृत्तीनंतर १९२७मध्ये त्यांनी स्वतःची शस्त्रकंपनी काढली. पुढे ती दुसऱ्या उद्योगांत विलीन होऊन ‘चुओ कोग्यो’ झाली.

म्हणजे वाईट म्हणून गाजलेली पिस्तुले काही नवशिक्याच्या हातची नव्हती. याच माणसाच्या मशीनगनपुढे मित्रराष्ट्रांच्या पलटणी अडकून पडल्या. मार्च १९४४मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपान्यांच्या वेढ्यात लढली, तेव्हा समोरून येणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यामागेही नांबूंचेच डोके होते. मग पिस्तुलांतच काय बिनसले?

आधीचे रिव्हॉल्व्हर: टाइप २६

नांबूंच्या आधी जपानी सैन्याकडे अमेरिकेतून आणलेली स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर होती. त्यांच्या जागी १८९३मध्ये देशी बनावटीचे टाइप २६ आले. सहा गोळ्यांचे, मधून मोडून उघडणारे, ९ मिलिमीटरचे. सुमारे ५९ हजार नग बनले आणि त्यातले पुष्कळसे १९४५पर्यंत वापरात राहिले.

याच्या हातोड्याला अंगठ्याने ओढायचा कान नव्हता. घोडेस्वाराच्या कपड्यात काही अडकू नये, हा हेतू. त्यामुळे प्रत्येक गोळीसाठी चाप पूर्ण ताकदीने ओढावा लागे आणि नेम चुके. गोळीचा वेगही जेमतेम सेकंदाला २०० मीटरच्या आसपास. पण खरी गोम चकरीत होती. चाप ओढलेला नसताना चकरी अडकवून धरणारी कुठलीही व्यवस्था त्यात नाही. होल्स्टरमधून काढताना घासली किंवा कपड्याला लागली की ती फिरते. समजा तुम्ही दोन गोळ्या झाडल्या आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा म्यानात घातले. पुढच्या वेळी काढाल तेव्हा हातोड्यासमोर भरलेले काडतूस येईल की झाडलेले, हे सांगता येत नाही. नको तेव्हा उडण्याचा धोका यात कमी होता. हवे तेव्हा न उडण्याचा मात्र पक्का बंदोबस्त होता!

बाकी हे रिव्हॉल्व्हर चांगल्या कारागिरीचे होते. बाजूची तबकडी बिजागरीवर दरवाजासारखी उघडते आणि आतली सगळी यंत्रणा तेल घालायला मोकळी होते. आजही संग्राहकांना ते आवडते ते या सुबकपणामुळेच.

लुगरसारखे दिसणारे, पण लुगर नसलेले

नांबूंचे पहिले पिस्तूल १९०२च्या सुमाराचे. निमुळती नळी आणि तिरकी मूठ बघून लोक त्याला ‘जपानी लुगर’ म्हणतात. साम्य फक्त बाहेरून आहे. जर्मन लुगरमध्ये गुडघ्यासारखा वर मोडणारा सांधा असतो, तर नांबूंच्या पिस्तुलात नळकांड्यासारखा सरळ बोल्ट असतो आणि त्याला खालून एक हलणारा ठोकळा अडवून धरतो. नौदलाने ते १९०९मध्ये स्वीकारले. भूदलाने अधिकृतपणे कधीच नाही. महाग पडायचे, करायला वेळ लागायचा.

मग १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भागात प्रलयंकारी भूकंप झाला. तोक्योतल्या लष्करी शस्त्रशाळेची वाताहत झाली. स्वस्तात आणि सोपेपणाने बनवता येईल असे पिस्तूल भूदलाला हवेच होते. जुन्याच रचनेत बदल करून जे तयार झाले, ते टाइप १४.

टाइप १४: चांगला नेम, नाठाळ मॅगझिन

जपानी लष्कराचे मुख्य पिस्तूल हेच. नागोयाच्या शस्त्रशाळेत १९२६मध्ये उत्पादन सुरू झाले ते युद्ध संपेपर्यंत चालले. सुमारे २ लाख ८० हजार नग बनले. वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, कॅलिबर ८ मिलिमीटर.

हातात धरल्यावर ते चांगले वाटते. मूठ अरुंद, झटका कमी, नळी आपल्या मूळ दिशेतच पुढेमागे सरकणारी, त्यामुळे नेम चांगला लागतो. शूटिंग रेंजवर टाइप १४ चालवणारे लोक त्याची तारीफच करतात. अडचण रेंजवर येत नाही, चिखलात आणि घाईत येते.

पहिली अडचण फायरिंग पिनची. टाइप १४मध्ये हातोडा नाही. बोल्टच्या पोटात एक लांब पिन आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. चाप ओढला की ताणलेली पिन सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते. स्प्रिंग मऊ पडली, थंडीत ग्रीस गोठले किंवा काडतूस दमट झाले, की पिनचा ठोका कमी पडतो आणि नुसता ‘टक’ आवाज येतो. पिनचे टोक तुटण्याच्या तक्रारीही होत्या. लष्कराला हे माहीत होते, याचा पुरावा पिस्तुलाच्या म्यानातच आहे. टाइप १४च्या चामडी होल्स्टरला जादा फायरिंग पिन ठेवण्यासाठी वेगळा खिसा शिवलेला असे. स्टेपनी देऊनच गाडी विकावी, तसा हा प्रकार. पुढे पिनची लांबी कमी करूनही पाहिले.

दुसरी अडचण मॅगझिनची, आणि माझ्या मते ती पिनेपेक्षा गंभीर आहे. शेवटची गोळी झाडल्यावर बहुतेक आधुनिक पिस्तुलांचा बोल्ट किंवा स्लाइड मागेच अडकून राहते. त्यासाठी सांगाड्यात वेगळी कळ असते. रिकामे मॅगझिन काढा, भरलेले घाला, कळ दाबा, पिस्तूल तयार. टाइप १४मध्ये अशी कळच नाही. बोल्ट मागे राहतो तो रिकाम्या मॅगझिनच्या वर आलेल्या पट्टीला टेकून. म्हणजे दोन रिकॉइल स्प्रिंगांचा सगळा जोर त्या मॅगझिनवर. ते बाहेर ओढायचे तर त्या जोराविरुद्ध ओढायचे. हात घामाने, पावसाने किंवा रक्ताने ओला असेल तर विचारूच नका. शिवाय मॅगझिन निघाले की बोल्ट खाडकन पुढे येतो. नवे मॅगझिन घातल्यावर मागची गोल घुंडी पुन्हा एकदा हाताने ओढावी लागते, तेव्हा कुठे पहिली गोळी नळीत जाते.

एवढ्यावर भागले नाही. मॅगझिन आपोआप सुटून पडू नये म्हणून १९४०च्या सुमारास मुठीच्या पुढच्या बाजूला एक पट्टीची स्प्रिंग बसवली गेली. मॅगझिन पडायचे थांबले, पण काढणे आणखी अवघड झाले.

तिसरा मुद्दा सेफ्टीचा. टाइप १४ची सेफ्टी म्हणजे डाव्या बाजूला चापाच्या वर असलेली लांब दांडी. ती जवळजवळ अर्धे वर्तुळ फिरवावी लागते. एका टोकाला ‘आग’ या अर्थाचे चित्राक्षर, दुसऱ्या टोकाला ‘सुरक्षित’ या अर्थाचे. पिस्तूल धरलेल्या हाताचा अंगठा तिथवर पोहोचत नाही, म्हणून दुसरा हात लागतो. एका हाताने घोड्याचा लगाम, नकाशा किंवा तलवार धरलेल्या माणसाने काय करायचे? गंमत म्हणजे नांबूंच्या जुन्या पिस्तुलात मुठीलाच सेफ्टी होती. मूठ घट्ट धरली की ती आपोआप उघडे. टाइप १४ करताना खर्च वाचवायला ती काढून टाकली.

सेफ्टी हाताळायला अवघड असली की माणसे दोनपैकी एक पर्याय निवडतात. एक तर सेफ्टी लावतच नाहीत, नाही तर नळीत गोळीच ठेवत नाहीत. पहिल्यात अपघात, दुसऱ्यात उशीर.

आणि अपघात झाले. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजून साफसफाईला बसणे ही जगभरच्या सैन्यांतली जुनी चूक आहे. नळीतली एक गोळी तिथेच असते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला टाइप १४मध्ये यावर उपाय केला गेला: मॅगझिन बाहेर असेल तर चाप चालणारच नाही, अशी अडवणूक आत बसवली. हा सुरक्षिततेतला खरा सुधार होता आणि त्याचे श्रेय जपान्यांना द्यायला हवे. त्या काळच्या अमेरिकी कोल्ट १९११ या लष्करी पिस्तुलात अशी सोय नव्हती.

असाच आणखी एक बदल मांचुरियाच्या थंडीमुळे झाला. उणे तापमानात जाड हातमोजा घातलेले बोट चापाभोवतीच्या छोट्या कड्यात जाईना. मग १९४०च्या सुमारास ते कडे मोठे, फुगीर केले. अमेरिकी संग्राहक आजही त्याला ‘किस्का’ कडे म्हणतात, कारण अल्युशियन बेटांपैकी किस्कावर १९४३मध्ये हा नमुना त्यांना पहिल्यांदा सापडला.

गोळीच कमजोर होती

या सगळ्यापलीकडे एक मर्यादा होती, ती म्हणजे ८ मिलिमीटरचे काडतूस. साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ३००हून थोड्या अधिक मीटर वेगाने जाते. ऊर्जा निघते सुमारे ३०० ज्यूल. जर्मनांचे ९ मिलिमीटर आणि अमेरिकनांचे .४५ ही दोन्ही काडतुसे ४५०च्या पुढे जातात. म्हणजे पूर्ण आकाराचे, जवळपास किलोभर वजनाचे पिस्तूल बाळगायचे आणि ताकद मात्र खिशातल्या छोट्या पिस्तुलाची. टाइप १००ची सबमशीनगनही हेच काडतूस वापरी, त्यामुळे पुरवठा सोपा होता, पण ताकद तेवढीच.

टाइप ९४: खरा दोष आणि दंतकथा

आता त्या बदनाम पिस्तुलाकडे येऊ. टाइप १४ मोठे होते. रणगाड्याच्या किंवा विमानाच्या अरुंद जागेत बसणाऱ्यांना ते अडचणीचे पडे. १९२९मध्ये छोट्या पिस्तुलाचे काम सुरू झाले आणि १९३४मध्ये ते स्वीकारले गेले. काडतूस तेच ८ मिलिमीटरचे, मॅगझिनमध्ये सहा गोळ्या, वजन पाऊण किलोच्या आसपास. १९४५पर्यंत साधारण ७१ हजार बनले. दिसायला ओबडधोबड, पुढून बारीक आणि मागून जड. मूठ इतकी लहान की मोठ्या हाताला पकडच मिळत नाही.

दोष आहे तो डाव्या बाजूच्या एका पट्टीत. कुठल्याही पिस्तुलात चाप आणि हातोडा यांच्यामध्ये निरोप पोहोचवणारा एक दुवा असतो. तो साधारणपणे सांगाड्याच्या आत झाकलेला असतो. टाइप ९४मध्ये ही लांब पट्टी बाहेरच्या पृष्ठभागावर उघडी आहे आणि सीसॉसारखी मधल्या टेकूवर हलते. चाप ओढला की पुढचे टोक हलते, मागचे टोक हातोड्याला सोडते आणि गोळी सुटते. पण पट्टी उघडी असल्यामुळे तेच पुढचे टोक बोटाने आत दाबले, तरीही तेच होते. चापाला हात लावायची गरज नाही, दोनेक मिलिमीटर दाबले तरी पुरे.

हे वाचून अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. घाईत पकडलेले पिस्तूल, होल्स्टरमध्ये कोंबताना बाजूला पडलेला दाब, हातातून निसटून दगडावर आदळलेली डावी बाजू, यांपैकी काहीही पुरेसे ठरू शकते. अनुभवी माणसाने आराखडा पाहताक्षणी नाकारावा असा हा दोष आहे.

पण अटीही नीट पाहू. पट्टी दाबून गोळी सुटण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: नळीत गोळी हवी, हातोडा ताणलेला हवा, आणि सेफ्टी उघडी हवी. सेफ्टी लावली की ती थेट याच पट्टीला अडवते, मग दाबून काही होत नाही. मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी सोय याही पिस्तुलात आहे. म्हणजे नियमाप्रमाणे बाळगलेले, नीट बनवलेले टाइप ९४ आपोआप उडत नाही. ज्या अवस्थेत ते धोक्याचे ठरते, त्या अवस्थेत त्या काळचे कुठलेही पिस्तूल चापाला चुकून धक्का लागला तरी उडाले असते. फरक एवढाच, की चापाभोवती संरक्षक कडे असते आणि या पट्टीभोवती काहीच नाही. हा ‘एवढाच’ फरक लहान नाही, पण तो वेडेपणाही नाही. खुद्द प्रतिष्ठित लुगरचा नळी आणि बोल्टचा वरचा भाग सांगाड्यातून वेगळा काढला आणि नळीत गोळी राहिली असली, तर बाजूचा दुवा दाबून तीही सुटू शकते. लुगरला त्यासाठी कुणी आत्मघाती म्हणत नाही.

राहिली शरण येणाऱ्या अधिकाऱ्याची गोष्ट. ती दंतकथेत जमा करावी लागते. ज्याला समोरच्याला मारायचेच आहे, त्याला ताणलेले आणि सेफ्टी उघडलेले पिस्तूल हातात असताना चाप सोडून पट्टी दाबायची गरज काय? शिवाय ती पट्टी मुद्दाम छुप्या गोळीबारासाठी ठेवली होती, हेही चूक. ती रचनेतली ढिलाई होती, कपट नव्हते. युद्धाच्या काळात शत्रूच्या ढिलाईलाही कपटाचे रूप येते, हे समजण्यासारखे आहे.

गोष्ट पसरली तशी एक उलटी बाजू मात्र झाकली गेली. टाइप ९४चे खरे धोके ते वापरणाऱ्या जपानी सैनिकालाच होते. विमानात अंग चोरून बसलेला वैमानिक किंवा रणगाड्याच्या लोखंडी झडपेतून घुसणारा चालक, यांच्या कमरेला ते लटकत असे.

१९४४नंतर काय झाले?

जपानी पिस्तुलांची कीर्ती बिघडली त्यात शेवटच्या वर्षदीड वर्षाचा वाटा फार मोठा आहे. मिश्रधातूंसाठी लागणारा कच्चा माल जहाजांबरोबर समुद्रात बुडत होता. कारखान्यांवर बॉम्ब पडत होते. कसलेले कामगार आघाडीवर गेले होते आणि त्यांच्या जागी शाळकरी मुले व अननुभवी माणसे उभी होती. हत्याराच्या खुणा पिस्तुलाच्या अंगावर तशाच सोडल्या जाऊ लागल्या. टाइप ९४च्या मुठीवर साध्या लाकडी फळ्या आल्या, मागची गोलाई जाऊन चौकोनी कोपरे आले. चामड्याच्या जागी रबर लावलेल्या कापडाची होल्स्टर आली.

बाहेरचा खडबडीतपणा फारसा घातक नसतो. घातक असते ती आतली ढिलाई. ज्या पिस्तुलाची सुरक्षितता दोन मिलिमीटरच्या फरकावर उभी आहे, त्यात भाग नीट घासूनपुसून बसवले नाहीत तर ते दोन मिलिमीटरही उरत नाहीत. टाइप ९४ची रचना चांगल्या कारागिराच्या भरवशावर होती, आणि युद्धाच्या शेवटी कारागीरच उरले नव्हते.

अमेरिकी सैनिकांनी विजयाची आठवण म्हणून घरी नेलेल्या पिस्तुलांत या शेवटच्या काळातली पुष्कळ होती. त्यांनी तीच पाहिली, तीच झाडून पाहिली, आणि मत बनवले. १९३६चे टाइप ९४ आणि १९४५चे टाइप ९४ शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या देशांची वाटावीत.

असाच प्रकार रायफलींबाबतही झाला होता. जपानी आरिसाका रायफली तकलादू, असे युद्धानंतर सर्रास बोलले जाई. मग पी. ओ. अ‍ॅकली या अमेरिकी बंदूकतज्ज्ञाने वेगवेगळ्या देशांच्या लष्करी रायफली मुद्दाम जादा दारू भरून फोडून पाहिल्या, तेव्हा आरिसाकाची यंत्रणा सगळ्यांत टणक निघाली. पिस्तुलांच्या बाबतीत असा सुखद धक्का मिळाला नाही, कारण तिथे प्रश्न पोलादाच्या ताकदीपेक्षा आराखड्याचा होता.

पिस्तूल नेमके कुणाकडे असायचे?

साध्या जपानी शिपायाला पिस्तूल मिळत नसे. सरकारी टाइप १४ जाई ते मुख्यतः हवालदार दर्जाचे, मशीनगनवाले, घोडदळ आणि वाहनांवरचे लोक यांच्याकडे. अधिकाऱ्याने आपली तलवार आणि पिस्तूल स्वतःच्या पैशाने घ्यायचे, असा रिवाज होता. अनेकांची पहिली पसंती परदेशी मालाला, विशेषतः बेल्जियमच्या छोट्या ब्राउनिंगला होती. तलवार मानाची, पिस्तूल सोयीचे. ज्या सैन्यात पिस्तुलाकडे असे दुय्यम नजरेने पाहिले जाते, तिथे त्याच्या दोषांवर वरपासून दबाव येत नाही. युद्धकाळात अमेरिकेने कोल्ट १९११ची सुमारे १९ लाख पिस्तुले बनवली. जपानच्या टाइप १४ आणि टाइप ९४ची सगळ्या वर्षांची बेरीज साडेतीन लाखांच्या आसपास भरते.

११ सप्टेंबर १९४५ रोजी अटक करायला अमेरिकी सैनिक दारात आले, तेव्हा माजी पंतप्रधान जनरल हिदेकी तोजो यांनी स्वतःवर गोळी झाडली. ते वाचले, पुढे खटला चालून फाशी गेले. त्यांच्या हातातले ते पिस्तूल नांबू नव्हते. अमेरिकन बनावटीचे .३२ कोल्ट होते.

हमादा यांच्या पिस्तुलाचाही इथे उल्लेख करायला हवा. १९४१च्या सुमारास बुन्जी हमादा यांनी ब्राउनिंगच्या धर्तीवर एक साधे, सुटसुटीत पिस्तूल बनवले. उघडी पट्टी नाही, मॅगझिनची कुस्ती नाही. जपानी पिस्तुलांत ते सरस मानले जाते. पण संख्या काही हजारांवरच थांबली.

मग निकाल काय?

टाइप २६ सुरक्षित, पण बेभरवशाचे. टाइप १४ सुरुवातीच्या वर्षांचे, चांगल्या पिनेचे आणि स्वच्छ ठेवलेले असेल तर भरवशाचे, मात्र गोळ्या भरायला आणि सेफ्टी हाताळायला संथ. टाइप ९४ यांत्रिकदृष्ट्या उडण्यात फारसे चुकत नसे. ते सुरक्षिततेच्या परीक्षेत नापास होते. आणि १९४४नंतरचे कुठलेही असो, ते तपासल्याशिवाय हाती धरू नये.

भारतात अशी पिस्तुले ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेल्या लष्करी संग्रहांत दिसतात. एखाद्या जुन्या फौजी घराच्या पेटीत असे काही निघालेच, तर ते शोभेची वस्तू समजून हाताळू नका. मॅगझिन काढलेले असले तरी नळीत काडतूस असू शकते आणि ऐंशी वर्षांनंतर कुठल्याही सेफ्टीवर विसंबण्यात अर्थ नाही. शिवाय चालू स्थितीतले पिस्तूल १९५९च्या शस्त्र कायद्याखाली येते. पोलिसांना कळवून परवानाधारक जाणकाराकडूनच ते तपासून घ्यावे.

नांबूंचे पुढे काय झाले?

नांबू किजिरो १९४९मध्ये वारले. त्याच वर्षी अमेरिकेत बिल रुगर यांनी .२२चे एक स्वस्त पिस्तूल बाजारात आणले. युद्धावरून परतलेल्या सैनिकाकडून मिळालेले नांबू पिस्तूल रुगर यांनी आधी अभ्यासले होते, आणि त्यांच्या पिस्तुलातला नळकांड्यासारखा बोल्ट व मागची ठेवण तिथूनच आली. रुगर कंपनी याच पिस्तुलावर उभी राहिली.

जपानमध्ये चुओ कोग्योच्या वारसदार कंपनीने पोलिसांसाठी पाच गोळ्यांचे, .३८ कॅलिबरचे एक रिव्हॉल्व्हर तयार केले. १९६०पासून ते जपानी पोलिसांच्या कमरेला आहे, आणि त्याचे नाव ‘न्यू नांबू एम ६०’. रस्त्यावर गस्त घालणाऱ्या शिपायाच्या या रिव्हॉल्व्हरमध्ये चापाच्या मागे रबराचा एक छोटा ठोकळा अडकवलेला असतो. तो हाताने काढल्याशिवाय चाप मागे जात नाही.